गावची संस्था आणि शिक्षक
(केंद्र-संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात शाळेविषयी पुष्कळ बोलणे झाले. मला जे सांगावयाचे आहे ते शाळेच्या भिंतीबाहेरचे आहे. तथापि शाळेशी त्याचा संबंध नाही असे मात्र नाही. प्रत्येक गावात ग्रामपंचायतीखेरीज दोन-चार संस्था गावकऱ्यांनी आपण होऊन चालविलेल्या असतात. कोठे वाचनालय असते, कोठे तालीम, कोठे महिला मंडळ, कोठे तरुण मंडळ. या संस्था नफ्यासाठी निघत नाहीत आणि कोणाच्या हुकुमानेही चालत नाहीत. चार माणसांना मनापासून वाटते म्हणून त्या उभ्या राहतात, आणि वाटेनासे झाले म्हणजे बसतात. त्यांना हात कसा द्यावा, आणि त्याहून कठीण म्हणजे दिलेला हात केव्हा काढून घ्यावा, एवढाच माझा आजचा विषय.

अशा संस्थेचे मोल शिक्षकाला इतरांपेक्षा लवकर कळते. आपली शाळा सायंकाळी सुटते. पण मुलाचा दिवस तेव्हा संपत नाही. ज्याच्या घरी दोन खणांत सात माणसे राहतात, त्याने पुस्तक घेऊन कोठे बसावे? आईबाप ऊसतोडीस गेले आणि मूल आजीपाशी राहिले, तर त्याच्या अभ्यासाची चौकशी कोणी करावी? शाळा सोडलेल्या मुलीच्या हाती पुन्हा पुस्तक कोठून यावे? वाचनालयाचा उघडा दरवाजा आणि महिला मंडळातील एखादी जाणती बाई या प्रश्नांचे जे उत्तर देऊ शकते, ते आपल्या हजेरीपटात सापडत नाही.

या मार्गाने आपल्या आधी चालून गेलेली माणसे थोर होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. मुलांच्या पोटाला धान्य हवे होते, आणि धनिकांचे दार प्रत्येक वेळी उघडेलच असे नव्हते. तेव्हा मुष्टिफंडाची रीत पडली. घरच्या बायांनी रोजच्या धान्यातून एक मूठ वेगळी काढावयाची आणि ती संस्थेसाठी जमा व्हावयाची. मूठभर धान्याने घर रिते होत नाही. पण रोज मूठ काढणारी बाई त्या संस्थेला आपली म्हणू लागते. माझ्या मते मुष्टिफंडाची खरी मिळकत धान्यापेक्षा हीच होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या व्यवसायातलेच आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. प्रौढांना अक्षर शिकविण्याच्या त्या कार्यात प्राथमिक शिक्षक पुढे होते आणि त्यांच्या पाठीशी सारा गाव होता. गाव साक्षर झाला की ग्रामगौरवाचा समारंभ होई. समारंभ योग्यच होता. परंतु समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नवसाक्षराने काय वाचावे, हा प्रश्न उरतोच. शिकलेले अक्षर वापरावाचून राहिले तर पुसट होते. अक्षराला रोजचा व्यवहार हवा, आणि तो देणारी संस्था गावात हवी.

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका लहान गावी मी एक वाचनालय काढले. देवळाशेजारची खोली मिळाली, एक कपाट मिळाले, शेदोनशे पुस्तके जमली. मी मोठ्या उत्साहाने राबलो. वर्गणी मी गोळा करी, हिशेब मी लिही, पुस्तके मी देई-घेई, आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात असे. सहा वर्षांनी बदली झाली. गावकऱ्यांनी नारळ दिला, शाल दिली, डोळ्यांत पाणीही आणले. पुढे दोन वर्षांनी एका लग्नानिमित्त त्या गावी गेलो. खोलीला कुलूप होते. ते उघडविले, तेव्हा खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागलेली दिसली. एक वृद्ध गृहस्थ सहज म्हणाले, “गुरुजी, तुमचं वाचनालय तुमच्यामागं बंद पडलं बघा.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. ‘तुमचं’ हा एकच शब्द माझ्या सहा वर्षांच्या श्रमाचा निकाल सांगून गेला. मी गावासाठी वाचनालय चालविले होते. गावाला वाचनालय चालवू दिले नव्हते. याच्या उलट नाशिकचे सार्वजनिक वाचनालय पाहा. ते १८४० साली निघाले. त्याचे संस्थापक केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले, परंतु ते वाचनालय आजही चालू आहे. माणसामागून माणूस येत गेला आणि किल्ली हातोहात पुढे गेली, म्हणून ते टिकले.

सारांश, आपल्यापैकी ज्यांना अशा संस्थेस साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली गोष्ट, नवी संस्था काढण्यापूर्वी जुनी आहे का ते पाहावे. गावात एक मंडळ धडपडत असता शेजारी दुसरे उभे करणे म्हणजे दोन्ही दुबळी करणे होय. आहे त्या संस्थेत प्रथम साधा वर्गणीदार म्हणून जावे आणि वर्गणी वेळेवर द्यावी. शिक्षकाची पावती गावाला दिसते.

दुसरी गोष्ट, मोठ्या देणगीच्या आशेवर बसू नये. तीनशे उंबऱ्यांच्या गावात शंभर घरांनी दरमहा दहा रुपये दिले, तर वर्षाकाठी बारा हजार रुपये होतात. एवढ्यात वर्तमानपत्र येते, दिवाबत्तीचा खर्च निघतो आणि वर्षाला काही नवी पुस्तकेही घेता येतात. एका देणगीदाराने हीच रक्कम दिली आणि पुढल्या वर्षी त्याचे मन फिरले, तर संस्था एका दिवसात उघडी पडते. शंभर घरांचे मन एकदम फिरत नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. खेड्यातील बहुतेक संस्था पैशाच्या अभावी बुडतात असे आपण समजतो. माझ्या पाहण्यात तरी त्या संशयाने अधिक बुडाल्या. पैसा खाल्ला गेला नसतो, पण तो कोठे गेला हे कोणी लिहिलेले नसते. येथे शिक्षक फार मोठे काम करू शकतो. पावतीपुस्तक कसे ठेवावे, रोजकीर्द कशी लिहावी, सभेचे इतिवृत्त कसे नोंदवावे, हे त्याने दोन तरुणांना आणि दोन भगिनींना बसून शिकवावे. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लिहून बाहेर टांगावा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी झाली असेल, तर वर्षाचा हिशेब तपासून घेणे आणि कार्यकारी मंडळ बदलल्यास तसे कळविणे आवश्यक असते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयास शासनाचे अनुदान मिळते, आणि त्यासाठीही दप्तर नीटच हवे. खजिनदार मात्र आपण होऊ नये. पैसा गावाचा, सह्या गावच्या, आपण फक्त वही तपासणारे.

चौथी गोष्ट, दार सर्वांसाठी उघडे आहे का ते पाहावे. एका आळीची, एका भावकीची किंवा एका पक्षाची झालेली संस्था गाव जोडत नाही, ती गावाचे दोन तुकडे करते. वस्तीवरची माणसे, नव्याने आलेली मजुरांची कुटुंबे आणि सासुरवाशिणी या खोलीत मोकळेपणाने येतात काय, ही त्या संस्थेची परीक्षा होय. शिक्षकाच्या वर्गात सगळ्या घरांची मुले बसतात, म्हणून ही परीक्षा घेण्याचा अधिकार त्याला आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, आधीच कामे काय थोडी आहेत? हे म्हणणे अगदी खरे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामे शिक्षकावर टाकू नयेत असे म्हटले आहे, आणि त्यामागे विचार आहे. म्हणून मी सांगतो ते काम म्हणून सांगत नाही. शाळेच्या वेळेतून यासाठी एक मिनिटही घेऊ नये आणि मुलांच्या हाती वर्गणीचा डबा देऊ नये. आठवड्यातून एक सायंकाळ, तीही आनंदाने देता आली तर द्यावी. न देणाऱ्यास कोणी उणे लेखू नये.

बंधुभगिनींनो, आपली बदली होणार आहे हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. ही गोष्ट आपण दुःखाची मानतो. संस्थेच्या बाबतीत ती उपयोगाची ठरू शकते. जो जाणार आहे, त्याने आल्या दिवसापासून दुसऱ्याला तयार करावयास लागावे. मी त्या गावी पुन्हा गेलो असतो तर पहिल्याच महिन्यात कपाटाच्या तीन किल्ल्या करून घेतल्या असत्या आणि तीन घरी दिल्या असत्या. स्वतःजवळ एकही ठेवली नसती.