पाटीवरची तारीख

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. अध्यात्मावर किंवा साहित्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. म्हणून आज एका जुन्या ट्रकविषयी सांगतो, आणि त्या ट्रकपायी माझ्या हातून झालेल्या चुकीविषयी.

आमच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात वय ओळखणे हे रोजचेच काम. गावी जाताना डब्याचा क्रमांक पाहा. पहिले दोन आकडे सहसा बांधणीचे वर्ष सांगतात. मालगाडीच्या वाघिणीवर अकरा आकडे असतात, त्यातला पाचवा आणि सहावा म्हणजे वर्ष. त्यामुळे 'पाटी वाचणे' आपल्याला येते, असा माझा समज होता.

मी तिनसुकियाला असताना लेडोकडे कामानिमित्त जाणे होई. लेडो हे नाव इथे सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने तिथून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे रस्ता काढला. १२ जानेवारी १९४५ रोजी ११३ गाड्यांचा पहिला ताफा लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. त्या भागात एका वयस्कर गृहस्थांच्या आवारात एक जीएमसी ट्रक उभा होता. सहा चाकांना ताकद देणारा, अडीच टनी. युद्धानंतर त्यांच्या वडिलांनी तो घेतला, जंगलातून लाकूड ओढायला वापरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लाकूडतोडीला आळा बसला, तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती.

"इंजिनियर बाबू, ही पहिल्या ताफ्यातली गाडी आहे," ते मला म्हणाले. बाहेरगावचा एक हौशी गिऱ्हाईक चांगली किंमत द्यायला तयार होता, पण त्याला जाणकाराकडून खात्री हवी होती. भंगारवाला मात्र म्हणत होता, आरसी बुकात १९४८ लिहिलंय, म्हणजे ही युद्धानंतरची, वजनावर देतो.

मी पाटी शोधली. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर धातूच्या पाट्या असतात. एकीवर गिअरप्रमाणे वेगाची मर्यादा, दुसरीवर मॉडेल, अनुक्रमांक, वजन आणि सैन्याच्या ताब्यात दिल्याची तारीख. पाटीवर गंज आणि रंगाचे थर होते. अशा वेळी पॉलिश पेपर घासू नये, अक्षरेच जातात. रॉकेलने हळूच पुसले, खडू चोळला आणि बॅटरीचा उजेड तिरका पाडला. आकडे उठून आले: १२-१-४४.

मी लगेच म्हणालो, "बारा जानेवारी चव्वेचाळीस! ताफ्याच्या आधी बरोबर एक वर्ष. गाडी अमेरिकेतून इथे यायला भरपूर वेळ आहे. तुमचं म्हणणं खरं असू शकतं." घरात आनंदीआनंद. मुलाने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला.

रात्री क्वार्टरवर झोपताना डोक्यात आले, पाटी अमेरिकन आहे. ते लोक आधी महिना लिहितात, मग दिवस. मग १२-१-४४ म्हणजे १ डिसेंबर १९४४! तिथून ताफा निघेपर्यंत राहतात अवघे बेचाळीस दिवस. तेवढ्यात जहाजाने अर्धे जग ओलांडून कलकत्ता, पुढे रेल्वेने पार्वतीपूर, तिथे ब्रॉडगेजचा माल मीटरगेजवर चढवायचा, मग ब्रह्मपुत्रा फेरीने पार करायची, कारण आपला सरायघाटचा पूल झाला १९६२ साली. नवा ट्रक एवढ्या दिवसांत लेडोला पोहोचून ताफ्यात लागला असेल, हे रेल्वेतल्या माणसाला तरी पटणारे नाही.

पण नुसत्या तर्कावर कसे बोलणार? पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो आणि दुसरा साक्षीदार शोधू लागलो.

आधी चासीवर ठोकलेला क्रमांक पाहिला. तो पाटीवरच्या क्रमांकाशी जुळला, म्हणजे पाटी याच गाडीची. हे पाहणे फार जरुरीचे, कारण कोऱ्या पाट्या आजही विकत मिळतात आणि कोणीही हवे ते ठोकून घेऊ शकतो. मॉडेलचे नाव होते सीसीकेडब्ल्यू. यातला पहिला 'सी' म्हणजे १९४१, पण ते आराखड्याचे वर्ष, गाडीचे नव्हे. १९४५ साली बनलेल्या गाडीवरही तो 'सी'च असतो. केबिन ताडपत्रीची, उघडी होती. बंद पत्र्याच्या केबिनऐवजी ती १९४३ च्या मध्यापासून बसू लागली. यावरून १९४४ ला दुजोरा मिळाला, पण जानेवारी की डिसेंबर ते कळेना. इंजिनाचा तर उपयोगच नव्हता, कारण मूळचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन काढून मागेच डिझेल बसवले होते.

शेवटी गाडीखाली शिरलो. जनरल मोटर्सच्या ओतीव भागांवर ओतकामाची तारीख उठवलेली असते. महिन्याला अक्षर, 'ए' म्हणजे जानेवारी ते 'एल' म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलवर वाचले: जे-९-४. म्हणजे ९ ऑक्टोबर. चार म्हणजे १९३४, ४४ किंवा ५४, पण हे मॉडेल १९४१ ते १९४५ एवढेच बनले, तेव्हा १९४४. एक भाग मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून तिन्ही ॲक्सल पाहिले. दोनांवर ऑक्टोबर, एकावर सप्टेंबर. ऑक्टोबरमध्ये ओतलेला भाग जानेवारीत दिलेल्या गाडीत कसा असेल? निकाल लागला. तारीख १ डिसेंबरचीच होती.

आता ते सांगायचे होते. खरे सांगतो, मित्रांनो, गाडीखालून बाहेर यावेसे वाटेना. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होते? गिऱ्हाइकाला पाटी दिसली असती, त्यानेही ती आपल्या पद्धतीनेच वाचली असती. पण मग वाघिणीवर खोटी तारीख रंगवणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय?

मी सांगितले. मुलगा चिडला. तो आजही माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. सौदा मोडला. वडील मात्र थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग चव्वेचाळीसची तरी आहे ना? अठ्ठेचाळीसची नाही ना?" मी म्हटले, "नाही. युद्धातलीच आहे, यात शंका नाही." ते म्हणाले, "तेवढं लिहून द्या." मी एका कागदावर पाटी, चासी आणि तिन्ही ॲक्सल यांचे आकडे आणि त्यांचा अर्थ लिहून खाली सही केली. ताफ्याविषयी त्यात एक अक्षर नाही. तो कागद त्यांनी आरसी बुकात ठेवला. भंगारवाल्याला त्यांनी परत पाठवले.

या प्रकारातून मी तीन प्रश्न शिकलो, तेवढे सांगून थांबतो. पहिला, ही तारीख कशाची? ओतल्याची, ताब्यात दिल्याची की नोंदणीची? आरसीतले १९४८ खोटे नव्हते, ते नोंदणीचे होते. २०२१ साली केंद्र सरकारने दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी व्हिंटेज वाहनांचे नियम केले, त्यातही पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. दुसरा, ती कोणी, कोणत्या पद्धतीने लिहिली? आणि तिसरा, दुसरा साक्षीदार कोण? एकट्या पाटीवर कधी विसंबू नये.

आणि चौथी गोष्ट मला कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकवली नव्हती. चूक कळली की आपल्या पायांनी परत जाऊन सांगावी. बुद्धिदात्याकडे मी दर वर्षी तेवढीच बुद्धी मागतो.

 गणपती बाप्पा मोरया!