बर्फ थांबल्यानंतरचा निळा दिवस
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला हिमालयातले अनुभव सांगायला सांगितलंय. अनुभव जेवताना सांगेन. आत्ता एक उपयोगाची गोष्ट सांगतो, कारण आता आपल्यातल्या कित्येकांची मुलं डिसेंबर-जानेवारीत केदारकंठासारख्या ट्रेकला जातात. भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालणारी ही पोरं चिखलाला भीत नाहीत. पण बर्फाचा स्वभाव वेगळा.

रात्रभर बर्फ पडतो आणि सकाळी आकाश निळं, स्वच्छ होतं. वाटतं, संकट टळलं, चला. पण बर्फ पडल्यानंतरचा पहिला दिवसच फार धोक्याचा. बर्फ थरांनी साठतो. कडक थंडीत खालच्या थराचे दाणे मोकळे होतात, अगदी आपल्या कारखान्यातल्या साखरेसारखे. त्यावर वाऱ्यानं दाबलेला नवा बर्फ बसला, की तिरक्या साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं. एका माणसाच्या वजनानंही ती सुटते. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेक गिर्यारोहकांच्या बाबतीत ती त्यांच्या किंवा सोबत्याच्या पायानंच सुटलेली असते.

म्हणून निघण्यापूर्वी विचारायचं: चोवीस तासांत फूटभर बर्फ पडलाय का? वाऱ्यानं तो एका बाजूला साठवलाय का? उतार ३० ते ४५ अंशांचा आहे का? आपण सपाटीवर असलो, तरी डोक्यावर तसा उतार आहे का? शेजारच्या डोंगरावर ताजा बर्फ घसरलेला दिसतो का? चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा तडा धावत गेला, तर चर्चा नको. मागं फिरायचं.

गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर आला, तर वाचण्याची आशा मोठी असते. पुढे ती झपाट्यानं घटते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही. शोधायचं सोबत्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाकडे संदेश देणारं-घेणारं शोधयंत्र, लांब सळई आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का दांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. २७ जणांचे मृतदेह मिळाले. त्यांत शिकाऊ होते, तसेच अनुभवी प्रशिक्षकही होते. एव्हरेस्ट सर केलेल्या सविता कंसवाल त्यांतच गेल्या. डोंगर कुणाचं प्रमाणपत्र बघत नाही.

आपली अडचण मात्र साधी असते. परतीचं तिकीट काढलेलं, रजा मोजून मिळालेली, पैसे भरलेले. ‘एवढ्या लांब आलोय, आता मागं कसं फिरायचं?’ कोल्हापूरच्या माणसाला माघार आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पोराला निरोप देताना घरातूनच सांगा: “बर्फ पडला तर दोन दिवस थांब. तिकीट बुडालं तरी चालेल. शिखर न बघता आलास, तरी तांबडा-पांढरा तयार असेल.”

घरच्यांनी हे आधी सांगितलेलं असलं, की तिथं ‘नको’ म्हणणं सोपं जातं.