आमच्या नगराची स्थळे आणि नगराचे पाणी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या निमित्ताने आपण परगावांहून छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, आला आहात. उद्याच्या सहलीत काय पाहावे ते सांगण्याचे काम कार्यकारी मंडळाने आमच्याकडे सोपविले आहे. आमची पहिली विनंती मंडळालाच आहे. देवगिरी, वेरूळ, खुलताबाद, मकबरा आणि पाणचक्की अशी पाच स्थळे एका दिवसात उरकण्याचा बेत सोडावा. अशा सहलीत डोळ्यांपेक्षा बसची चाकेच अधिक हिंडतात.

त्यापेक्षा एक धागा धरून फिरावे. या कोरड्या मुलखात जुन्या लोकांनी पाणी कसे साधले, हा तो धागा होय.

सकाळी उन्हापूर्वी देवगिरी गाठावा. अंतर सुमारे 15 किलोमीटर आहे. डोंगराचे अंग उभे तासून भोवती खडकात खंदक खोदला आहे. ‘अंधारी’च्या भुयारात मुलांचा हात सोडू नये. वाटेवर ‘हत्ती हौद’ लागतो, तेथे मात्र क्षणभर थांबावे. एवढा विस्तीर्ण हौद पाहिला म्हणजे गड राखणाऱ्यांस खरी चिंता कशाची होती ते कळते. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्रदेव यादवास नमावे लागले, त्याची मात्र वेगळीच कथा सांगतात. कोठीतल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले म्हणे!

तेथून वेरूळ. लेण्यांचा डोंगर पश्चिमाभिमुख असल्याने दुपार टळल्यावर उजेड चांगला मिळतो. लेणी 34 आहेत. सर्व पाहण्याचा हट्ट धरू नये. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरलेले कैलास लेणे कळसापासून पायाकडे उतरत गेले आहे, हे ध्यानी धरून पाहावे. पावसाळ्यात आलात तर 29 व्या लेण्याशेजारी कोसळणारा धबधबा चुकवू नये. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. अजिंठा सुमारे 100 किलोमीटर दूर आहे. त्यास स्वतंत्र दिवस द्यावा. वाघूर नदीच्या वळणावरील ती चित्रे घाईत पाहणे म्हणजे न पाहणेच.

बीबीच्या मकबऱ्यास ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून नाक मुरडण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस पटत नाही. संगमरवर थोडा आणि गिलावा पुष्कळ हे खरे. पण त्या गिलाव्यावरची नक्षी जवळ जाऊन पाहावी.

आता पाणचक्की. खडकी या खेड्याचे 1610 साली नगर केले ते मलिक अंबराने. हा मूळचा हबशी गुलाम. पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरीने, केवळ उताराच्या बळावर, नगरात आणले. त्याच पद्धतीवर पुढे पाणचक्कीची नहर झाली. खापरी नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, धारेने हौदात पडते आणि त्या जोरावर जाते फिरते. बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यातील फकीर व वाटसरूंसाठी त्यावर पीठ दळले जाई. हौदाखाली प्रशस्त दालन आहे. हौदाचा तळ तोच त्या दालनाचे छत!

जुन्या नहरींपैकी कित्येक नव्या बांधकामांखाली फुटल्या, बुजल्या. आता नगराचे पाणी सुमारे 50 किलोमीटरांवरून, पैठणच्या जायकवाडी जलाशयातून, यंत्रांनी चढवून आणावे लागते. 2022 च्या उन्हाळ्यात याच नगरात पाण्यासाठी मोर्चा निघाला होता. शाळेत असता आम्ही मुलांना नहरीचे उच्छ्वास दाखवावयास नेत असू. विहिरीच्या कठड्यासारखे ते मनोरे म्हणजे काय, हे घरी कोणी सांगितलेले नसे. आपल्या गावी एखादी जुनी बारव असेल तर तिची स्थिती काय आहे, ते आम्हांस जरूर कळवावे.

वेरूळहून परतताना खुलताबाद लागते. औरंगजेबाची उघडी कबर पाहावयास सर्वच जण उतरतात. मलिक अंबरही 1626 साली मरण पावल्यावर तेथेच विसावला. त्याच्या कबरीकडे फारसे कोणी वळत नाही. चालकास आधीच सांगून ठेवावे, पंधरा मिनिटे तेथेही गाडी उभी करील.