परीक्षेतला धीर

(संकष्टीच्या आरतीनंतर मंदिराच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते इंग्लंडमध्ये अनेक वर्षं सेवा करून निवृत्त झालेले डॉक्टर आहेत.)

आरती झाली आहे, चंद्रोदयाला वेळ आहे आणि उपास सुटायचा आहे. म्हणजे तुमच्या धीराची परीक्षा सुरूच आहे. त्यात माझं भाषण! फक्त पंधरा मिनिटं घेईन.

आपल्या शनिवारच्या वर्गात इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली येतात. कुणी नर्स आहे, कुणी विद्यार्थी, कुणी लग्न होऊन इथे आलेली सून. गेले काही महिने मी त्यांच्याबरोबर बसतो. त्यांना वरचेवर येणारा एक विषय आहे ‘पेशन्स’, म्हणजे धीर. तुम्हाला धीर धरावा लागला असा एखादा प्रसंग सांगा, असा प्रश्न असतो. पेशंट हा माझ्या धंद्यातलाच शब्द, म्हणून विश्वस्तांनी हे काम माझ्याकडे दिलं असावं. तसंही इंग्रजीत ‘पेशन्स’ म्हणजे धीर आणि ‘पेशन्ट्स’ म्हणजे रुग्ण, हे दोन शब्द कानाला सारखेच लागतात. ‘आय लॉस्ट माय पेशन्स’ हे वाक्य डॉक्टरने जपूनच बोलावं.

आधी परीक्षा कशी असते ते थोडक्यात सांगतो. आयेल्ट्सची बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एक परीक्षक बसतो आणि सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी असे साधे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात. त्यावरचा विषय वाचून विचार करायला १ मिनिट मिळतं आणि मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं असतं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा खोल चर्चा होते. गुण चार गोष्टींना सारखे वाटलेले असतात: बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. आपली मराठी ढब असल्याचे गुण जात नाहीत. समोरच्याला समजलं पाहिजे, एवढीच अपेक्षा असते.

यात पणाला काय लागलेलं असतं ते एका मुलीच्या उदाहरणाने सांगतो. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. ती कोल्हापूरकडची शिकलेली नर्स आहे आणि तिकडे तिने रुग्णालयात नोकरी केलेली आहे. इथे ती केअर होममध्ये केअरर आहे. नर्स म्हणून नोंदणी व्हायला बोलण्यात ७ गुण लागतात, तिला मिळाले साडेसहा. प्रत्येक वेळी परीक्षेला २०० पौंडांच्या आसपास खर्च येतो आणि निकाल दोनच वर्षं चालतो. अर्ध्या गुणासाठी एक तयार नर्स नर्सिंगच्या बाहेर उभी आहे. तिकडे तिचा पाच वर्षांचा मुलगा आजीजवळ आहे.

तिला मी म्हटलं, धीर या विषयावर बोल. तिने सुरुवात केली: ‘पेशन्स इज व्हेरी इम्पॉर्टंट इन अवर लाइफ. नाउअडेज पीपल हॅव नो पेशन्स. वी शुड ऑल्वेज कीप पेशन्स.’ पंधरा सेकंदांत गाडी थांबली. पुढे काही सुचेना. तिचं इंग्रजी वाईट नव्हतं. बोलायला हातात काही नव्हतं, कारण तिने प्रसंगाऐवजी सुविचार सांगितला होता. सुविचार फळ्यावर एका ओळीत मावतो, त्याला दोन मिनिटं लागत नाहीत.

मग मी तिला मराठीत विचारलं, काल ड्युटीवर काय केलंस? ती म्हणाली, एक आजोबा आहेत, त्यांना पक्षाघात झालेला आहे. त्यांना लापशी भरवायला चाळीस मिनिटं लागतात. मी विचारलं, एवढा वेळ का? ती सांगू लागली. आधी त्यांना नीट ताठ बसवायचं. छोटा चमचा द्यायचा. त्यांनी गिळलं का ते पाहायचं, तोंडात घास उरला नाही ना ते पाहायचं आणि मगच पुढचा चमचा. बाहेर दुसरी घंटा वाजत असते, तरी घाई करायची नाही. का? तर ठसका लागला आणि अन्न श्वासनलिकेत गेलं, तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मंडळी, मी आयुष्यभर वॉर्डात असे न्यूमोनिया पाहिले आहेत. त्या चाळीस मिनिटांची किंमत मला माहीत आहे. मी तिला म्हटलं, हेच तुझं उत्तर. हे जगातल्या कुठल्याही परीक्षकाला ऐकावंसं वाटेल आणि यातला शब्द न् शब्द तुझ्या रोजच्या वापरातला आहे. ‘आय गेव्ह हिम वन स्मॉल स्पूनफुल. आय वेटेड अनटिल ही स्वॉलोड. देन आय गेव्ह हिम द नेक्स्ट वन.’ साधी, लहान आणि बरोबर वाक्यं. यावर मग मोठं वाक्य चढवता येतं: दुसरी घंटा वाजत होती तरी मी घाई केली नाही, कारण घाई करणं धोक्याचं होतं. ‘ऑल्दो’ आणि ‘बिकॉज’ हे दोन शब्द आले की व्याकरणाची बाजूही भक्कम होते.

दोन मिनिटं भरायची कशी, यासाठी मी मुलांना केस हिस्टरीचा साचा देतो. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी वॉर्डात हे शिकवतात. दुखणं कधी सुरू झालं, कुठे, कसं वाढलं, कशाने बरं वाटलं, आता कसं आहे? धीराचा प्रसंगही असाच सांगायचा. केव्हाची गोष्ट, कुठली, अडचण काय होती, मनात काय चाललं होतं, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं. कार्ड मिळाल्यावरच्या एका मिनिटात पूर्ण वाक्यं लिहीत बसू नये. या सहा गोष्टींचे सहा शब्द कागदावर टिपावेत. तेवढे पुरतात.

आता आपल्या मराठी माणसांच्या खास अडचणी सांगतो. आपण ‘धीर ठेव’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘कीप पेशन्स’ म्हणून मोकळे होतो. ते ‘बी पेशंट’ असं म्हणतात. आपण ‘बसची वाट पाहिली’ म्हणतो, त्यामुळे ‘वेटेड’च्या पुढचा ‘फॉर’ विसरतो. ‘दोन तासांपासून थांबलोय’ याचं आपण ‘सिन्स टू अवर्स’ करतो, तिथे ‘फॉर टू अवर्स’ हवं. आपल्या ‘च’चं ‘ओन्ली’ करून ते वाक्याच्या शेपटीला लावतो. गोष्ट कालची असली तरी रंगात आलो की ‘मी जातो, तो म्हणतो’ असं वर्तमानकाळात सांगतो. मराठीत ते छान वाटतं, पण परीक्षेत कालची गोष्ट भूतकाळातच ठेवलेली बरी. आणि आपला ‘व’! आपल्याला एकच ‘व’, त्यांना दोन. ओठांचा चंबू करून ‘वेस्ट’ म्हटलं तर पश्चिम दिशा, वरचे दात खालच्या ओठाला लावून म्हटलं तर बनियन. पत्ता सांगताना घोटाळा नको.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत मात्र आपली मराठी मदतीला येते. आपल्याकडे एका ‘पेशन्स’साठी किती शब्द आहेत पाहा. धीर, संयम, सबुरी, चिकाटी, सोशिकपणा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मुलांनी आधी मराठीत ठरवावं की आपल्याला यातलं नेमकं काय सांगायचं आहे. राग आवरला असेल तर ‘आय केप्ट माय टेम्पर’. पुन्हापुन्हा प्रयत्न केला असेल तर ‘आय डिडन्ट गिव्ह अप’. त्रास सोसला असेल तर ‘आय पुट अप विथ इट’. नुसती वाट पाहिली असेल तर ‘आय वेटेड’. एकच ‘पेशन्स’ दहा वेळा म्हणण्यापेक्षा हे चार प्रयोग योग्य जागी आले, तर परीक्षकाला फरक लगेच कळतो.

तिसऱ्या भागात मतं विचारतात. आजच्या तरुणांना धीर कमी आहे का? धीर शिकवता येतो का? इथे मुलं पुन्हा सुविचाराकडे वळतात. मी सांगतो, दोन्ही बाजू पाहा आणि एकेक उदाहरण द्या. तरुणांना मोबाइलवर सगळं लगेच हवं असतं हे खरं. पण तीच तरुणी चाळीस मिनिटं एका आजोबांना भरवते हेही खरं. इथली रांग बघा, सकाळी आठ वाजता डॉक्टरांकडे अपॉइंटमेंटसाठी लावलेला फोन बघा. आपल्याकडच्या घाटातली ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आठवा. उदाहरणं आपल्या भोवतीच असतात.

पाठ केलेलं उत्तर मात्र नको. परीक्षक ते चटकन ओळखतात आणि त्याचा तोटाच होतो. बाजारात मिळणारी तयार उत्तरं घोकून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. आजचाच प्रसंग घ्या. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये संकष्टीचा चंद्र कधीकधी रात्री अकरा-बारापर्यंत उगवत नाही, उगवला तर ढगांत असतो, आणि घरात मोदकांचा वास दरवळतोय. धीराचा याहून चांगला प्रसंग कोणता? हे उत्तर कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसणार.

आता आपल्या घरच्या सुनांविषयी. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांसाठी परीक्षा निराळ्या, सोप्या पायरीच्या असतात. ऐकणं आणि बोलणं एवढंच त्यात तपासतात आणि निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. एका प्रकारात दोन उमेदवारांना एकत्र बसवतात, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून त्याला प्रतिसाद देणं हेही जमावं लागतं. कायम राहण्याच्या अर्जासाठी सध्या ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांना भाषेच्या परीक्षेतून सूट आहे. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. कुणाच्या ऐकीव माहितीवर चुकीची परीक्षा देऊ नये.

आणि आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते. या मुलांना पुस्तकं मिळतात, मोबाइलवर धडे मिळतात. त्यांना मिळत नाही तो समोर बसून ऐकणारा माणूस. दिवसभर कामावर ‘येस’, ‘नो’, ‘सॉरी’, घरी आल्यावर मराठी. दोन मिनिटं सलग इंग्रजी बोलायचं कुणाजवळ? या सभागृहात असे कितीतरी जण आहेत, ज्यांनी या देशात तीस-चाळीस वर्षं काढली, कचेरीत, दुकानात, शाळेत, टपाल खात्यात इंग्रजीत काम केलं. तुमच्याजवळ वेळ आहे आणि कान आहेत. कानाला यंत्र लावलेलं असलं तरी चालेल, मुलं आपोआप स्पष्ट बोलायला शिकतील.

तुम्ही इंग्रजीचे शिक्षक असायची गरज नाही. फक्त तीन पथ्यं पाळायची.

पहिलं, मध्ये बोलायचं नाही. १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच थांबवतात, असं त्यात दिसलं. आमच्या व्यवसायाला लाज वाटावी असा आकडा आहे. पण घरोघरी सासूबाई आणि मामंजी याहून फार वेगळे असतील असं मला वाटत नाही! घड्याळ लावा आणि दोन मिनिटं पूर्ण होऊ द्या. मुलगी अडखळली तर शब्द पुरवू नका, तिला तो शोधू द्या.

दुसरं, प्रत्येक चूक सुधारायची नाही. कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी फक्त दोन सांगा. औषधाची मात्रा असते तशी सुधारणेचीही असते. एका वेळी दहा चुका सांगितल्या की पुढच्या शनिवारी ती मुलगी येत नाही.

तिसरं, उत्तर तुम्ही तयार करून द्यायचं नाही. प्रश्न विचारायचे. मग काय झालं? तुला कसं वाटलं? तू काय म्हणालीस? तिची गोष्ट तिच्याच तोंडून बाहेर आली पाहिजे.

यात तुमचाही फायदा आहे, हे डॉक्टर म्हणून सांगतो. आपल्यातले बरेच जण एकटे राहतात. मुलं दूरच्या शहरात आहेत, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि काही दिवस तर कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. कुणीतरी आपली वाट पाहतंय, म्हणून आठवड्यातून एकदा कोट चढवून घराबाहेर पडणं, याची बरोबरी करणारी गोळी मला माहीत नाही. ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी फोनवर सरावाची सोय करता येईल.

विश्वस्तांची विनंती अशी आहे. शनिवारी दुपारी एक तास देऊ शकणाऱ्यांनी मंदिराच्या कार्यालयात नाव नोंदवावं. ज्यांना वेळ देणं शक्य नाही, त्यांनी कल्याण निधीत यथाशक्ती भर घालावी. पुन्हा परीक्षा देण्याची ऐपत नसलेल्यांची फी त्यातून भरायची आहे. कुणाची फी भरली हे जाहीर होणार नाही.

कोल्हापूरच्या त्या मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिला अजून चार शनिवार मिळतील. तिसऱ्या भागाचा सराव कच्चा आहे, त्यासाठी समोर बसून तिच्याशी वाद घालणारं कुणीतरी हवं आहे. वाद घालण्यात आपण मराठी माणसं मागे नाही, तेव्हा आज जाण्यापूर्वी कार्यालयात नाव द्या. चंद्र दिसेपर्यंत कार्यालय उघडं आहे.

गणपती बाप्पा मोरया!