जमाखर्च जुळला, पण कोणाच्या जिवावर?
(लासलगाव येथील मेळाव्यातील भाषण)



१९६१ पर्यंत गोव्यावर ज्याची हुकूमत चालली, तो पोर्तुगालचा सालाझार मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १९२८ साली अर्थमंत्री झाला, वर्षभरात अंदाजपत्रकातली तूट भरून काढली. त्या वाहवेवर १९३२ साली पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत खुर्ची सोडली नाही.

अंगोला, मोझांबिक या वसाहतींत त्याच्या राजवटीने शेतकऱ्यांवर कापूस पेरण्याची सक्ती केली. ठरवून दिलेल्या एकाच कंपनीला घालायचा, तोही सरकारी भावाने. पोर्तुगालच्या गिरण्यांना स्वस्त रुई मिळाली. पिकवणाऱ्याच्या घरी खायचे धान्य उरले नाही. जानेवारी १९६१ मध्ये अंगोलाच्या कासांजे भागातल्या शेतकऱ्यांनी कापूस पेरायचे नाकारले. त्यांच्यावर विमानांतून बॉम्ब टाकले. पण त्याच वर्षी सक्ती उठवावी लागली.

आपल्याकडे १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली, राज्याबाहेर कापूस विकायला बंदी आली. तिथे हुकूमशहा होता, इथे आपणच निवडून दिलेले सरकार. गिऱ्हाईक एकच, हे मात्र सारखे.

तेव्हा तिजोरीचा हिशेब जुळला असे कोणी सांगितले, की एवढेच विचारा : कपाशीला आणि ज्वारीला भाव काय दिला?