पुनवेची थंडी, ढगाळ दिवसाचा उकाडा

पौष लागला की आपल्याकडं घरोघरी एकच विषय, म्हशाची जत्रा. कुणाला बैल बघायचा असतो, कुणाला घोंगडी घ्यायची असते. लहानपणी आम्ही जत्रेत मुक्कामाला राहायचो. आजी सांगायची, "पुनवेचं चांदणं अंगावर घेऊ नका गं, ते थंड असतं." आम्हा पोरांना ती बैलगाडीखाली निजवायची. तिथं खरोखर थंडी कमी वाजायची.

आजीचं बघणं खरं होतं. चंद्राला मात्र तिनं उगाच दोष दिला.

चुलीत नुसते निखारे उरले, तरी दोन हातांवर बसलं की तोंडाला धग लागते. मध्ये सूप आडवं धरा, धग तिथंच थांबते. म्हणजे ही धग हवा तापून आलेली नाही, ती उजेडासारखी सरळ येते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. अशी धग निखाराच सोडतो असं नाही. जमीन, बैल, आपलं अंग, सगळं रात्रंदिवस थोडीथोडी सोडत असतं. वर ढग असले किंवा हवेत वाफ भरपूर असली, तर ती ही धग पिऊन घेतात आणि आपली धग पुन्हा खाली सोडतात. पौषात हवा कोरडी, आभाळ निरभ्र. वर गेलेल्यातलं थोडंच परत येतं. ढग नसतात म्हणून चांदणं टिपूर दिसतं, आणि ढग नसतात म्हणूनच थंडी पडते. गाडीखाली निजलं की वरच्या फळ्या तेवढी तरी धग परत देतात. त्याच रात्री घरावरचा पत्रा मात्र आपली धग आभाळाला देऊन एवढा गार होतो, की पहाटे आतून पाणी ठिबकतं. पाऊस नाही, गळती नाही, तरी अंथरूण ओलं. अनुभव आहे ना?

धुराचंही असंच. लाकडाची ज्वाळा पिवळी दिसते, कारण तिच्यात काजळीचे बारीक कण तापून चमकत असतात. ते कणच धग फेकतात. गॅसच्या निळ्या ज्योतीत काजळी जवळजवळ नसते, म्हणून तिच्यासमोर तोंड तेवढं भाजत नाही. आणि धुक्याचे थेंब किंवा धुळीचे कण उजेड चारी दिशांना उधळतात. म्हणून धुरकट दिवशी वाळवणाजवळ आपली सावली पुसट पडते.

हे सगळं आपल्या देशात नीट मोजायला लावणारी एक बाई होती, अण्णा मणी. जन्म 1918 चा, केरळातला. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, पण एम.एस्सी. नाही म्हणून पीएच.डी. दिली नाही. 1948 साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तोवर साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले, ती इथंच बनायला लागली. 1957-58 मध्ये देशभर उन्हाची धग मोजणारी केंद्रं उभी केली. सरळ येणारं ऊन किती, आणि आभाळानं उधळून दिलेलं किती, हेही वेगवेगळं मोजता येतं: सूर्याच्या आड एक पट्टी धरली की उपकरणाला उरतं ते फक्त उधळलेलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. मागच्या मे महिन्यात माझी जाऊ राबाच्या कामावरून आली आणि ओसरीवर कोसळली. आभाळ भरून आलं होतं. सगळे म्हणत होते, "ऊन कुठं होतं? ऊन लागलं कसं?" अहो, अंगाची धग जायला जागाच नव्हती. वरून ढग आणि वाफ धग परत देत होते, डोक्यावर दिवसभर तापलेला पत्रा, हवा एवढी दमट की घाम सुकेना. थंडीत जे ढग बरे वाटतात, तेच मे महिन्यात जिवावर येतात. माणूस बरळायला लागलं आणि अंग भट्टीसारखं तापलं, तर वाट बघायची नाही. 108 ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरातही करता येईल असं एक आहे. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून कारवीची किंवा बांबूची तट्टी बांधा. पत्र्याची धग तट्टी अंगावर घेते, खाली कमी पोचते. मघाचं सूप, तसंच. चुलीच्या वर मात्र बांधू नका, ठिणगी उडते. पत्र्याला वरून चुना दिला तर उन्हाचा बराच भाग तो परतच पाठवतो, पण पावसात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर अंगणात झोपलेलं चांगलं. ढगाळ असेल तर अंगणातही फारसं निवत नाही, मग लहानग्यांना आणि म्हाताऱ्यांना ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आमच्या गटातल्या दोघींनी तट्टी बांधली आहे. तुमच्याकडं कुणी बांधली, तर रात्री फरक पडला की नाही, ते पुढच्या बैठकीत सांगा.