पतपेढीचा अर्ज आणि सभासदाची पत
(समाजाच्या बिरसी येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृह अशा थोर विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज निवडलेला विषय दिसावयास लहान आहे. पतपेढीकडून अल्पसे कर्ज मागावे कसे आणि ते फेडावे कसे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु ज्या घराला ऐन रोवणीच्या दिवसांत मजुरीसाठी, किंवा मुलीच्या महाविद्यालयाच्या शुल्कासाठी दहाबारा हजार रुपये अकस्मात लागतात, त्या घराला हा विषय लहान वाटत नाही.

आपला हा मुलूख धानाचा. बांधीत घातलेला पैसा चार-पाच महिने परत येत नाही, आणि धान विकल्यावरही रक्कम हाती पडेपर्यंत वाट पाहावी लागते. खर्च मात्र वर्षभर चालूच असतो. या मधल्या काळात सावकाराचे घर जवळचे वाटते. तेथे अर्ज नाही, जामीन नाही, प्रश्न नाहीत. अलीकडे तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही घटकाभरात कर्ज देणारे नवे सावकार अवतरले आहेत. या सुलभतेचे मोल काय पडते, ते आपण हिशेबाने पाहू.

समजा, 12,000 रुपये घेतले आणि दर शेकडा दरमहा 5 ठरला. ऐकावयास 5 हा आकडा किरकोळ वाटतो. पण तो सालीना 60 होतो. वर्षअखेर व्याजाचे 7,200 रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते. तीच रक्कम पतपेढीतून सालीना 12 टक्क्यांनी घेतली आणि दरमहा 1,000 रुपये मुद्दल फेडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज 120, दुसऱ्याचे 110, असे उतरत शेवटच्या महिन्याचे 10 होते. वर्षाचे एकूण व्याज 780 रुपये, आणि मुद्दलही फिटलेले. येथे एक सावधगिरी हवी. हेच 12 टक्के घटत्या बाकीवर न आकारता मूळ रकमेवर आकारले, तर व्याज 1,440 होते. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येकाने विचारावे, ‘व्याज घटत्या बाकीवर आहे की मूळ रकमेवर?’ असे विचारण्यात कोणाचाही अवमान नाही.

पतपेढी ही कल्पना आपल्याकडे संकटातून आली. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. रोखे जळाले, पण शेतकऱ्याची पैशाची गरज जळाली नाही. त्याच शतकात जर्मनीमध्ये रायफायझेन यांनी निराळा मार्ग दाखविला होता. एका गावच्या माणसांनी एकत्र यावे, परस्परांस ओळखणाऱ्यांनी परस्परांचे जामीन व्हावे, आणि जमलेल्या पैशातून गरजवंताला कर्ज द्यावे. बडोद्यास 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. पुढे 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. आपल्यासारख्या समाजसंस्थेने विशेष लक्षात ठेवावे असे उदाहरण मात्र 1906 चे आहे. त्या वर्षी मुंबईत श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी आपल्या सारस्वत ज्ञातिबांधवांसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावे पतसंस्था काढली. ती पुढे बँक झाली आणि तिची दारे सर्वांना खुली झाली.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे वळू. पहिली गोष्ट सभासदत्वाची. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे पतसंस्थेने सभासदालाच कर्ज द्यावयाचे असते, आणि जामीनदारही सभासदच लागतो. तेव्हा गरज दाराशी आल्यावर भाग घेण्यासाठी धावण्यापेक्षा, हाती चार पैसे असतानाच सभासद होऊन लहानशी आवर्त ठेव सुरू करावी. नियमित ठेव ही अर्जदाराची सर्वांत बोलकी शिफारस होय.

दुसरी गोष्ट कारणाची. ‘घरखर्च’ असा मोघम शब्द लिहू नये. औषधोपचार, शुल्क, शिलाई यंत्र, जे खरे असेल ते आणि जेवढे लागेल तेवढेच लिहावे. विवाहासाठी कर्ज काढून मांडव वाढविणाऱ्यांस मी एवढेच विनवीन, की पाहुणे एका दिवसात जातात आणि हप्ते राहतात.

तिसरी गोष्ट फेडीची. नोकरदाराने वेतनपत्रक जोडावे. शेतकऱ्याने सातबारा जोडून धानाचा पैसा केव्हा येतो ते स्पष्ट लिहावे, आणि त्या सुमारास मोठा हप्ता ठेवता येईल काय, हे आधीच विचारावे. दुसरीकडील देणे असल्यास ते लपवू नये. प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी. हप्ता चुकण्याचा संभव दिसताच, तो चुकण्यापूर्वी, कार्यालयात जाऊन सांगावे.

जामिनाविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. आपल्यात ‘फक्त सही तर करावयाची आहे’ असे म्हणून मेहुण्यापुढे, साडूपुढे कागद ठेवण्याची चाल आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोएवढीच असते. संस्थेला वसुलीचा दाखला मिळाला म्हणजे जप्ती त्याच्याही दारी येऊ शकते. अनेक घरांतील सोयरिकी अशाच एका सहीने तुटल्या आहेत. म्हणून मागणाऱ्याने कर्जाची पूर्ण हकीकत सांगून मागावे, आणि देणाऱ्याने आपण ती रक्कम भरू शकू काय याचा विचार करूनच सही करावी. वेळेवर दिलेला नकार नात्याला पुढच्या वैरापासून वाचवितो.

संस्थांच्या संचालकांसही नम्र विनंती आहे. ‘आपल्या समाजाचा माणूस’ ही ओळख अर्जदाराची माहिती कळण्यास उपयोगी पडते. तिच्या बळावर थकबाकी माफ होऊ लागली, तर एखाद्या विधवा भगिनीने पै पै करून ठेवलेली ठेव बुडते. पतसंस्थेतील ठेवींना बँकेतील ठेवींप्रमाणे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही, हे आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे. आपल्यातील श्रीमंत थकबाकीदाराकडे डोळेझाक आणि गरीब अर्जदारापुढे दहा अडचणी, असा प्रकार जेथे घडतो तेथे सहकार नावापुरताच उरतो. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी द्यावे, म्हणजे ते माणसाला दुरुस्त करता येईल.

बंधुभगिनींनो, कर्ज मागण्यात लाज नाही. ते फेडण्याची इच्छा नसताना मागणे, ही मात्र लाजेची गोष्ट होय. ज्या शब्दावरून या संस्थेचे नाव पडले तो ‘पत’ हा शब्द आपल्या वाडवडिलांनी रुपयांपेक्षा मोठा मानला. तो आपल्या घराघरांत तसाच मोठा राहो.